बाई, तुम्ही तिच्या वडिलांना का सांगितलंत?

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा तुमच्यावरचा राग काही गेलेला नाही. शोकसभेत जो उठला त्यानं तुम्हाला मुलींची आई म्हटलं. मी पुढच्याच रांगेत दातओठ खात बसले होते.

कॉलेजातली लेडीज रूम तुम्हीच मिळवून दिलीत, हे मी नाकारत नाही. जिन्याखाली मोडकी बाकं टाकायची ती खोली तुम्ही प्रिन्सिपलांशी भांडून रिकामी करून घेतलीत, घरचा स्टोव्ह आणून ठेवलात आणि मला एल.आर., म्हणजे मुलींची प्रतिनिधी केलंत. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मुली मूठभर, त्यातल्या निम्म्या खेड्यांतून एसटीनं येणाऱ्या. थोरलीनं दोन नव्या मुली सांभाळायच्या, शनिवारी दार लावून बसायचं, जिला जे बोलायचं ते बोलू द्यायचं आणि इथलं इथंच ठेवायचं, हे सगळं तुम्हीच शिकवलंत. 'घरी सांगता येत नाही म्हणून ती इथं सांगते,' हे वाक्यही तुमचंच, बाई!

कोडोलीची ती मुलगी माझ्या वाट्याला आलेली. एका शनिवारी ती रडत रडत सांगते, की आपल्याच कॉलेजातला एक मुलगा रोज स्टँडपर्यंत मागं येतो आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीला चिकटून उभा राहतो. तुम्हीही तिथंच बसला होतात. आम्ही ठरवलं, रोज तिघीचौघींनी तिला पोचवायचं आणि तिच्या खिडकीशी आपणच उभं राहायचं. आमच्यातल्या गडमुडशिंगीच्या मैत्रिणीचा आवाज तुम्हाला आठवत असेल. तिनं भर स्टँडवर त्याला विचारलं, "काय पावणं, रोज पोचवायला येतायसा, घरात म्हसरं कोण धुतंय?" कंडक्टरसकट सगळा फलाट हसला. तो मुलगा जो गेला, तो परत स्टँडवर फिरकला नाही. आम्ही पोरींनी, आमच्या आम्ही, ते निस्तरलं होतं.

आणि मग तिचे वडील कॉलेजात आले, फक्त ती कशी शिकते हे विचारायला, तर तुम्ही त्यांना व्हरांड्यात थांबवून सगळं सांगितलंत. मुलीवर लक्ष असू द्या म्हणालात. "बरं झालं सांगितलासा," एवढं बोलून ते तिला घेऊनच गेले. त्यानंतर ती आलीच नाही. थोड्याच दिवसांत तिचं लग्न लागलं. मी स्टाफरूममध्ये येऊन तुम्हाला विचारलं, तो मुलगा आता कुठं येतोय, मग का सांगितलंत? तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "मुलींना आईबापांपासून लपवायला शिकवू मी? तू एल.आर. आहेस, तिची पालक नाहीस. पायरी ओळखून बोल." तो मुलगा मात्र त्याच वर्गात, त्याच बाकावर बसून बी.ए. झाला. त्याच्या वडिलांना का नाही हो बोलावलंत?

आता मला कळतं तुमचं काय चुकलं. तुम्ही मास्तरांच्या घरातल्या. तुमच्या घरात वडिलांना सांगितलं की वडील मुलीच्या बाजूनं उभे राहत. सगळ्यांचे वडील तसेच, असं तुम्ही धरून चाललात. आम्हा शेतकऱ्यांच्या पोरींना विचारलं असतंत तर एकीनंही हो म्हटलं नसतं. पण तुम्ही आम्हाला विचारलं नाहीत. आम्हाला पुढारी केलंत ते चहा करण्यापुरतं आणि खुर्च्या मांडण्यापुरतं, असंच मी समजायचं का?

मध्यंतरी ती जयसिंगपूरच्या बाजारात भेटली. तिनंच हाक मारली. तिथंच दिलंय तिला. शेजारी उंच, सावळी लेक, नुकतीच बारावी झालेली.

"हिला कोल्हापुरात आपल्याच कॉलेजात घालायची म्हणतोय," ती म्हणाली, आणि लगेच आवाज खाली आणून, "त्या बाई हायत काय गं अजून तिथं?"

"नाहीत. वारल्या."

तिनं लेकीकडं पाहिलं. "मग घालू की," म्हणाली.

तिच्यासाठी मी इतकी वर्षं जळफळले, आणि त्या वेळी पोटात तुटलं ते तुमच्यासाठी, बाई. तिला मी हे सांगितलं नाही.