चौथ्या भागानंतर

कोल्हापूर,
रविवार, ११ जानेवारी २०२६

चि. श्रुतीस,
अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

तुझे फोन येतात आणि मी उचलत नाही, म्हणून तू शेजारच्या अंबूबाईंना फोन लावून माझी चौकशी केलीस, ते त्यांनी सांगितलं. मी बरी आहे. थंडीत गुडघा धरतो, तेवढंच. गुऱ्हाळं सुरू झालीत. अंबूबाईंनी काकवीची बाटली आणून दिली, ती एकटीला संपत नाही. तुझ्या खोलीत मी हल्ली कपडे वाळत घालते, रागावू नकोस. नुसती बंद ठेवली की खोलीला वास येतो.

हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून कोल्हापुरात काळे कोट फार वाढलेत. बाररूममध्ये खुर्ची मिळत नाही. तू इथं असतीस तर, असं एकदोनदा मनात आलं. असो.

आपल्या त्या खटल्यावरची तुझी सिरीज मी बघितली. अंबूबाईंच्या मोठ्या टीव्हीवर, सगळे भाग. शेवटी पाट्या येतात त्यात ‘विधी सल्लागार’ म्हणून तुझं नाव आलं, तेव्हा अंबूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मला तुझ्या आईची आठवण झाली. ती गेली तेव्हा तू पाचवीत होतीस, माझ्या ऑफिसातल्या बाकावर बसून गणितं सोडवायचीस. माझं काम करणारी नटी फार देखणी आहे. साक्षीदाराच्या तोंडापुढं बोट नाचवत ती कोर्टभर फिरते. मी तशी फिरले असते तर जज्जसाहेबांनी मला बाहेरच काढलं असतं!

हसू येतं, पण एक खरं सांगते. सिरीज आली आणि माझे दिवस पालटले.

मधली वर्षं मी कशी काढली ते तुला ठाऊक आहे. कबनूरच्या कारखानदाराचा खून झाला, त्याच्याच कारखान्यात माग दुरुस्त करणारा जॉबर पिराजी धरला गेला आणि चॅनेलवाल्यांनी त्याला पहिल्याच दिवशी फाशी देऊन टाकली. आपल्या बारमधल्या विजयसिंहांनी कोर्टाच्या पायरीवर उभं राहून सांगितलं होतं, की या माणसाचं वकीलपत्र घेईल तो वकीलच नव्हे. मी घेतलं. ज्या साक्षीदारानं पिराजीला कारखान्यातून पळताना पाहिलं म्हणून शपथेवर सांगितलं, तो उभा होता तिथून ते दार दिसतच नव्हतं. तेवढ्यावर पिराजी सुटला. पण संशयाचा फायदा मिळून सुटलेला माणूस लोकांच्या लेखी सुटत नाही. त्याच्याबरोबर मीही सुटले नाही. ‘खुन्याला सोडवणारी बाई’ हे माझं नाव पडलं. बाररूममध्ये मी डबा उघडला की शेजारचा उठून हात धुवायला जायचा. पुढं पुढं मी गाडीत बसूनच जेवायला लागले.

आणि आता सिरीजमुळं सगळ्यांना कळलं, की खून झाला त्या संध्याकाळी पिराजी कारखान्यात नव्हताच. मग काय विचारतेस! माझा डबा लोकांनी आपल्या टेबलावर ओढून घेतला. नवी पोरं भोवती जमायची. एकानं विचारलं, “मॅडम, अशिलाकडं एवढा भक्कम बचाव होता, तर तुम्ही कोर्टात मांडला का नाही? त्याला फाशी झाली असती तर?” एक मुलगी त्याच्यावर तुटून पडली, “अशिलानं नको म्हटलं तर? जीव त्याचा हाय का तुझा?” दोघं चहा थंड होईपर्यंत भांडली. मला इतकं बरं वाटत होतं, की मी मध्ये बोललेच नाही. विजयसिंहांनी तर भर सभेत माझ्या गळ्यात हार घातला आणि माफी मागितली. घरी येऊन तो हार मी खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि बराच वेळ त्याच्यासमोर बसून राहिले.

हे तू माझ्यासाठी केलंस, श्रुती. मला ते पहिल्यापासून कळलं होतं.

आता चौथ्या भागाबद्दल लिहिते. इतका वेळ टाळत होते.

कळंबा जेलच्या त्या भेटीच्या खोलीत तिघंच होतो. पिराजी, मी, आणि माझी नवी ज्युनिअर म्हणून टिपणं घेणारी तू. त्या संध्याकाळी तो कुठं आणि कोणाच्या घरी होता, ते त्यानं तिथं सांगितलं आणि लगेच हात जोडले. “बाई, ह्ये कोर्टात आलं तर तिचा संसार मोडंल. मला लटकवू द्या, पर ह्ये बोलायचं न्हाय.” तुझी लेखणी थांबली होती, मला आठवतं. गाडीत बसल्यावर तू रडलीस. मी तेव्हा तुला म्हणाले होते, की हे आता आपल्या दोघींबरोबरच सरणावर जळेल. चार वर्षं तो माणूस आत राहिला, पण त्यानं ते तोंडातून काढलं नाही.

चौथ्या भागात सिरीजवाल्यांनी तेच दाखवलं; नावं बदलली, गाव बदललं. पण मागांचे कारखाने, दारातला नळ, त्या बाईचा शिवणकामाचा धंदा, सगळं जसंच्या तसं. कबनूरला ओळखायला वेळ लागला नाही.

दिवाळीच्या आधी पिराजी ऑफिसात आला. सुटल्यावर तो हातकणंगल्याला एका गॅरेजात कामाला लागला होता. केस पांढरे झालेत. बस म्हटलं तरी बसेना.

“बाई,” तो म्हणाला, “तिला नवऱ्यानं म्हायेरी आणून टाकली. पोरं ठेवून घेतली. तिचा भाऊ मला माराय आलता. मी मार खाल्ला. पर मला एवढंच सांगा, ह्ये भाईर गेलं कसं? मी तर मेलो तरी बोललो नसतो.”

मी म्हणाले, “माझ्या ऑफिसातून गेलं.”

“तुम्ही सांगितलं?”

मी त्याच्यापुढं खुर्ची सरकवली. तो माझ्याकडं बघत राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “तुमच्यापुढं बोललो, त्ये देवापुढं बोलल्यागत बोललो हुतो की.”

मी त्याला सांगितलं, की वकिलानं असं केलं तर बार कौन्सिलकडं तक्रार करता येते, सनद जाऊ शकते, आणि त्यानं ती करावी. तर म्हणतो, “मग लिवा की तुम्हीच. तुमच्याबिगार माझा वकील कोण हाय?” मला माझ्याविरुद्धची तक्रार लिहिता येत नाही, हे त्याला पटवता पटवता माझा आवाज गेला. शेवटी त्याला घेऊन मी विजयसिंहांकडं गेले.

विजयसिंहांनी सगळं ऐकून घेतलं, त्याला बाहेर बसवलं आणि दार लावलं. “ललिताबाई, मी काय खुळा न्हाय. सिरीजमध्ये सल्लागार म्हणून नाव कुणाचं हाय, मी वाचलंय. त्या खोलीत पोरगी हुती न्हवं? नाव सांगा. तुमची सनद वाचंल.”

“ज्युनिअर माझी होती. जबाबदारी माझी आहे,” मी म्हणाले.

“व्हय, हाय की. पर सांगितलं कुणी, ह्येचं उत्तर त्ये न्हवं. उद्या कमिटीनं विचारलं तर काय, खोटं बोलणार?”

“खोटं बोलणार नाही. माझ्या ऑफिसातून गेलं, हे खरं आहे.”

“अर्धं खरं हाय,” ते म्हणाले. “आन् अर्धं खरं कसं असतंय, त्ये आयुष्यभर उलटतपासणीत तुम्हीच साक्षीदारांना शिकवत आलाय.”

 

त्यांनी तक्रार तयार केली. पिराजीला वाचून दाखवताना ते एका जागी थांबले आणि म्हणाले, “हितं आणखी एक नाव घालता येतंय, पिराजी. त्या खोलीत आणखी एक वकील हुती.” मी खिडकीकडं तोंड केलं. अशिलाला सल्ला द्यायचा त्यांचा हक्क होता, आणि तो खरा सल्ला होता.

 पिराजीनं मलाच विचारलं, “ती पोरगी? कोपऱ्यात बसून लिवत हुती, माझं ऐकून जिच्या डोळ्यात पाणी आलतं, ती? तिनं सांगितलं?”

मी बोलले नाही. बोलायला हवं होतं की नको होतं, मला कळत नाही.

तो विजयसिंहांना म्हणाला, “तिचं नाव ऱ्हाऊ द्या, साहेब. एका बाईचं नाव भाईर आलं त्येवढं बास झालं.” आणि सही केली.

श्रुती, मी तुझी मावशी आहे, मी तुझं नाव पोटात ठेवलं तर त्यात विशेष काही नाही. पण त्या माणसानंही ते ठेवलं. त्याच्याकडून घ्यायचं आपण काही शिल्लक ठेवलंय का, हेच मला कळेना झालंय.

बाररूममध्ये मी जाणं सोडलं. तिथं आता लोक उठून खुर्ची देतात, ते मला सोसत नाही. ती खुर्ची कशावर उभी आहे ते मला माहीत आहे. हातातली कामं दुसऱ्या वकिलांकडं सोपवतेय. त्या बाईच्या पोरांच्या ताब्याचा अर्ज विजयसिंहांनी स्वतःहून, फी न घेता दाखल केलाय. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही.

परवा बार कौन्सिलची नोटीस आली. तेच हे पत्र लिहायला निमित्त झालं. फेब्रुवारीत मुंबईला बोलावलंय. माझ्या ऑफिसातून गेलं, असं मी सांगणार. त्यांनी पुढं विचारलं तर उत्तर देणार नाही. त्याची जी शिक्षा असेल ती घेईन. विजयसिंह म्हणतात तसं ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं माझ्याकडं नाही, तुझ्याकडं आहे.

वकील म्हणून तू काय करायला हवंस, ते तुला मीच शिकवलंय, पुन्हा लिहीत नाही. आणि मावशी म्हणून सांगायला गेले तर मी नको म्हणेन, मग तू ऐकशील. म्हणून ते सांगत नाही. आणि सिरीजवाल्यांना ते सांगितलंस तेव्हा तुझ्या मनात माझं भलंच होतं, याबद्दल मला कधी शंका आली नाही.

मुंबईत मी तुझ्याकडं उतरणार नाही. दादरला एक ओळखीच्या बाई आहेत, त्यांना कळवलंय. तुझ्या घरी आले तर तू मला आवडतं म्हणून पिठलं करशील, आपण समोरासमोर जेवायला बसू, आणि माझ्या तोंडाकडं बघून तू काहीतरी ठरवशील. तसं ठरवलेलं मला नको आहे. तू ठरवायचं ते मी तिथं नसताना ठरव.

थंडीत गार पाण्यानं न्हात जाऊ नकोस. तुझं डोकं लगेच दुखतं.

तुझी मावशी,
आणि तुझी सीनिअर,
ललिता