सगळे घरात आल्यावर

बाबा, आज कुत्री देऊन आले. एवढं लिहिलं आणि उगाच उठून दार पाहून आले. बूडच टेकत नाही माझं आज.

दिवाळीनंतर तिगाव स्टेशनच्या रस्त्यावर सापडली ती. मेंढरांचा कळप पुढे निघून गेलेला आणि ही मागचा पाय ओढत त्याच दिशेनं चाललेली. कुण्या गाडीनं उडवलं असावं. मी पुढच्या गावांपर्यंत विचारत गेले, पण मेंढरंवाले काही भेटले नाहीत. मग पोत्यात गुंडाळून स्कूटीवर पांढुर्ण्याला आणली, टाके घालून घेतले. पाय बरा झाला आणि बाईसाहेबांनी आमचंच घर हाकायला घेतलं! तुमचा नातू अंगणात, तुमचे जावई ओसरीत, मी चुलीपाशी, हे तिला चालायचंच नाही. गुडघ्याला नाक लावून ढकलत राहायची. सगळे एका खोलीत आलो की मगच भाकरीला तोंड लावायची. पण आम्ही दोघंही नोकरीवाले, पोरगा शाळेत. दिवसभर बंद दारामागे ती रडायची आणि ऑफिसात माझा जीव खालीवर व्हायचा.

आपल्या शेतात उन्हाळ्यात खतासाठी मेंढरं बसायची, आठवतं? मी फ्रॉकमध्ये भाकर लपवून आणलेली, मेंढरंवाल्यांच्या कुत्र्यापुढे धरून उभी आहे, आणि ते माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तुम्ही बांधावरून ओरडता, "ए बाई, त्याचं काम सुरू हाये! मधात कायले जातं?" मी रुसून बसते. शेवटचं मेंढरू जाळीच्या कुंपणाआत गेल्यावर ते आपणहून येऊन भाकर घेतं.

हे माहीत असून मी काय केलं? रामाकोन्याच्या एका बागवानाला दिली, संत्र्याच्या राखणीला. आपल्याकडे कुत्रं म्हटलं की राखण, दुसरं काही सुचतच नाही. माणूस भला होता हो. पण तोड सुरू झाली त्या दिवशी साखळी सोडली, तर हिनं संत्री तोडणाऱ्या बाया हाकून हाकून एका झाडाखाली गोळा केल्या. त्याचा फोन आला, "ताई, बायाइले दुसऱ्या झाडाखाली जाऊच देऊन नाही राहिली ना हे!" मी हसले. मग त्यानं ती पुन्हा बांधली आणि तिनं खाणंच सोडलं. आणायला गेले तेव्हा बरगड्या दिसत होत्या. तेव्हा मात्र रडले.

आजचं घर सौंसरकडचं. एकटी बाई, तिच्या बकऱ्या, आणि बकऱ्या महाउनाड. तिला भीती, "चावली गिवली तं?" मी पट्टा सोडला. कुत्री वाकून पळाली, एक मोठा वळसा घेतला, आणि सगळ्या बकऱ्या मुकाट्यानं कोठ्याकडे! बाईनं भाकर पुढे टाकली, ती कुत्रीनं हुंगलीही नाही. एक करडू बोरीखाली राहिलं होतं. ते आत आणलं, मग खाल्लं. बाई हसून म्हणाली, "हे तं माह्यावानीच हाये. सारे घरात आल्याबिगर घास जात नाही." मी निघाले तेव्हा कुत्रीनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. काम सुरू होतं तिचं. बरं झालं, असं स्वतःला सांगत आले.

कॉलेजातून शेवटच्या बसनं यायची मी, आणि तुम्ही ताट झाकून दारात उभे. "जेवून घ्यायचं ना, बाबा, मी काय लहान आहे?" म्हणून किती चिडायची.

तुम्ही गेलात, आता हा कागद कुठं टाकणार, उशीखाली ठेवते. आज पोरगा आला, हेही आले, दोघं एकाच खोलीत बसून जेवले. मला वाढायला लागले तर म्हटलं, भूक नाही. खोटं बोलले, बाबा. भूक होती. आपलं एक जण बाहेर होतं.