माझा ताबा माझ्या सख्ख्या भावाकडे न देण्याबाबत

प्रति,
मा. पुनर्विलोकन अधिकारी,
अडचणीतील कामगार संरक्षण कक्ष,
जेद्दा.

विषय : संरक्षण व मायदेशी परतीचा दावा नामंजूर झाल्याने फेरविचार होण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कक्षाचा दि. ४ ऑक्टोबर २०१६ चा आदेश.

मा. साहेब,

१. मी नदीम दाऊद परकार, मौजे पाजवाडी, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. सध्या मुक्काम आपल्याच वकिलातीच्या तळमजल्यावरील प्रतीक्षा खोली. येथील शराफिया भागातील एका दुकानात मी मोबाईल दुरुस्त करीत होतो. यंदा मोबाईलच्या दुकानांत फक्त सौदी माणसे ठेवण्याचा हुकूम निघाला. त्यांचा देश, त्यांचा कायदा. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मला घरी पाठवा, अशी विनंती मी कफिलाला, म्हणजे ज्याच्या नावावर माझा इकामा (राहण्याचा परवाना) आहे त्या मालकाला केली. त्याने काउंटरवर आपला भाचा बसवला आणि मला मागच्या खोलीत बाहेरून कुलूप घालून त्याच कामाला बसवले.

२. सप्टेंबरअखेर तपासणीची कुणकुण लागताच त्याने माझ्यावर हुरूब, म्हणजे कामगार पळाल्याची तक्रार नोंदवली. तक्रारीच्या वेळी मी त्याच्याच कुलपात एका गिऱ्हाइकाच्या फोनला काच बसवीत होतो. पळालेल्या माणसाला त्या दुपारी त्याने जेवणही धाडले, हे आदेशात कोठेही आलेले नाही. पुढे शेजारच्या हॉटेलातील एका मलबारी गृहस्थाने एसीमागची जाळी काढून दिली व मी थेट आपल्याकडे आलो. तोंड उघडलेस तर गिऱ्हाइकांचे फोन चोरल्याची केस घालीन, असा कफिलाचा निरोप आहे. त्यामुळे आपल्या फाटकाबाहेर मी एक तर पोलिसांचा, नाही तर त्याचा.

३. आपल्या कक्षाने दावा नामंजूर करताना दोन आधार घेतले. पहिला, माझे मोठे बंधू उसामा दाऊद परकार यांचा जबाब : “घरगुती रुसवा आहे, मी समजावतो, माझ्या खोलीत ठेवतो.” दुसरा, त्यांनीच दिलेला बकरी ईदचा व्हिडिओ. त्यात अर्जदार “हसतमुख, सुस्थितीत व भारी घड्याळ घातलेला” दिसतो, सबब त्यास कोणापासून भीती असल्याचे दिसत नाही, असे आदेश म्हणतो. येत्या गुरुवारी माझा ताबा बंधूंकडे द्यावयाचा आहे.

४. साहेब, हा व्हिडिओ कृपया पुन्हा, शेवटपर्यंत पाहावा. आमच्या गावाची शराफियात एक सामाईक खोली आहे. ईदच्या नमाजनंतर पोरे तिथे जमतात आणि गावी धाडायला एकाच व्हिडिओत प्रत्येकाला पाळीपाळीने घेतात. रडगाणे गायचे नाही, हा जमातीचा रिवाज. गावात आया वाट पाहत असतात. बिर्याणीचे ताट एकच, ते बोलणाऱ्यापुढे सरकते. घड्याळही एकच. ते माझ्या आधी सुलतान खोताच्या मनगटावर आहे आणि माझ्यानंतर इस्माईल मुकादमाच्या. मी हसलो, कारण फोन धरणारा म्हणाला, “जरा हस रे, अम्मा बघणार हाय.” आईसाठी हसलो ते माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जाईल असे मला कसे वाटावे?

५. फोन धरणारे, घड्याळ देणारे आणि व्हिडिओ आपल्याकडे आणून देणारे गृहस्थ एकच, माझे बंधू. ते त्याच कफिलाचे ड्रायव्हर आहेत व त्यांचा इकामा या महिन्यात संपतो; तो वाढवून देणे कफिलाच्याच हाती आहे. ईदच्या दिवशी हमी देऊन त्यांनीच मला बाहेर काढले आणि व्हिडिओ होताच गाडीत घालून परत दुकानात नेले. आदेशात नसलेली गोष्ट मी येथे प्रथमच लिहीत आहे. मागच्या खोलीच्या कुलपाची किल्ली कफिलाकडे नव्हती, बंधूंकडे होती. रोज सकाळी ते कुलूप काढून मला चहा देत आणि पुन्हा कुलूप लावीत. एक दिवसही माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिले नाही. मी आजवर हे लपवले, कारण सख्ख्या भावाचे नाव सरकारी कागदावर घालवेना. त्यांनी मात्र माझे नाव घालताना काही मागेपुढे पाहिलेले दिसत नाही. साहेब, मला याचा संताप येतो आणि रडूही येते, हे अर्जात लिहिण्याची पद्धत नसली तरी लिहितो.

६. तरी विनंती की आदेश रद्द करून मला येथेच संरक्षण द्यावे, हुरूब उठवून घ्यावा आणि घरी पाठवावे.

७. हे नियमात बसतच नसेल आणि गुरुवारी मला कोणाच्या तरी हवाली करणे भागच असेल, तर कफिलाला बोलावून त्याच्या हवाली करावे. बंधूंच्या हवाली करू नये. कफिलाने नेले तर परक्याने नेले, एवढे तरी आईला सांगता येईल.

आपल्या निर्णयावर सर्वस्वी अवलंबून असलेला,

(सही)
नदीम दाऊद परकार
जेद्दा, दि. ९ ऑक्टोबर २०१६