कड्यावरची हाळी

सोलापूर, पौष, १९३२

दादास,
रावजीचा पायावर डोकं ठिवून नमस्कार.

गिरणीतल्या जोडीदारानं अक्षरं शिकवली. पयलं पत्र तुलाच लिवतोय, टपालात मात्र टाकनार न्हाय. हितं दाराशी नळ हाय. पर डोंगरावरच्या झऱ्यात वाटीवाटीनं घागर भरताना आपल्या ज्या गोष्टी व्हायच्या, त्या आता कुनाशी करू?

आपल्याकडं कड्यावरनं कुनी हाळी दिली, की खालच्या वाटंवरच्यानं ओ द्यायचीच. ओ आल्याबिगर हाळी देनारा जागचा हलत न्हाय. मी न सांगता गाव सोडलं, तवा तू कड्यावरनं तीनदा हाळी दिलीस. मी बाभळीआड उभा हुतो. ओ दिली असती तर पाय माघारी वळलं असतं, म्हनून पटक्याचं टोक दातांत धरलं.

परवा गड्ड्याच्या जत्रेत आपला कोंडीबा भेटला. म्हनला, "तुजा दादा गेला रं, दिवाळीतच. तू गेलास त्या दिशी अंधार पडस्तवर कड्यावर उभा हुता. मरस्तवर म्हनायचा, वारं लई हुतं की, रावजीला ऐकूच गेलं न्हाय."

वारं नव्हतं, दादा. बाभळीचं पान हलत नव्हतं.

ओ.

तुजा,
रावजी