धारेवरची चकाकी

१६ एप्रिल १९८४, सोमवार
आज कामावर लागले. मुलुंडला डोंगराच्या बाजूला भाऊराव सरांचा बंगला आहे, एकदम झकास. मला वेगळी खोली, पंखा, मोरीत दिवसभर पाणी. आमच्या विक्रोळीच्या चाळीत सांगितलं तर म्हणतील शकु फेकते. सर कॉलेजात शिकवायचे, आता रिटायर झालेत. ते मला काही विचारत बसले नाहीत म्हणून आवडले. बाईंनी वर्गात उभं केलं की माझी वाचाच बसायची, त्यापायीच सातवीत शाळा सुटली. स्वयंपाकाच्या विमलामावशी मालवणकडच्या. मला बघून सरांना म्हणाल्या, ह्यां चेडू बोलता काय नुसती मान हालयता.
काम दगड धुवायचं. कांदिवलीच्या ओढ्यात सापडलेत. ते फोडणारी माणसं आपल्याही आधीची, लाखभर वर्षांपूर्वीची. दगडावर दगड मारला की कपची उडते, तिला ब्लेडसारखी धार. एक छोटा दगड सरांचा लाडका आहे. त्याला ते तासणी म्हणतात. तिने ती माणसं कातडं तासायची. मी उचलली तर अंगठा बरोबर खळग्यात बसला. सर खूश.

१९ एप्रिल, गुरुवार
खरं काम आज कळलं. कातडं तासलं की दगडाच्या धारेवर चकाकी चढते, आणि प्रत्येक जनावराची वेगळी. सूक्ष्मदर्शकात दिसते. तासणीवर जुनी चकाकी आहे, ती कुणाची ते सरांना शोधायचंय. म्हणून ते नव्या कपच्या फोडून देणार, मी त्यांनी एकेक कातडं तासणार, मग ते जुळवून बघणार.
आज बकऱ्याचं. आतून पांढरी चरबी, ओढली की च्युइंगमसारखी लांबते. नखात गेली. लाइफबॉय संपवला तरी हात बुळबुळीत. जेवताना भाताला तोच वास. दोनदा ओकले.

२४ एप्रिल, मंगळवार
बकरा जुळला नाही, मेंढीपण नाही. आज म्हशीचं होतं. घडी उलगडली तर आत अळ्या वळवळत होत्या. सर म्हणाले झटकून टाक. झटकल्या. एक मनगटावर चढली.
सर म्हणतात तुझा हात काय छान चालतो, कुणी शिकवलं. कुणीच नाही. मी मान फिरवून नाक दाबते आणि हात आपला चालू असतो. कुठे तिरका धरायचा, कुठे हलका, त्याला माहीत असतं. मावशींनी माझं ताट वेगळं केलं. म्हणाल्या, ह्या हातान माझ्या पिठाक शिवा नको.

२८ एप्रिल, शनिवार
डुकराचंही झालं. नाही जुळलं.
माझ्या पायाच्या नडगीवर चट्टा उठलाय. तिथली लव गेली, कातडी लाल आणि तुकतुकीत. कातड्यांचीच काहीतरी घाण लागली असणार. खोबरेल लावलं.

१ मे, मंगळवार
सर सकाळी धावतच आले. जुळलं म्हणाले. माझ्या खाटेखाली एक कपची मिळाली, तिची चकाकी तासणीसारखीच. कुठलं कातडं तासलंस गं हिने, परत परत विचारत होते. मला आठवेना.
दुपारी डोळा लागला. जाग आली तेव्हा मुठीत कपची. नडगी सोललेली. नखात पांढरं भरलेलं. मी वास घेतला. का घेतला.
माझंच होतं.

२ मे, बुधवार
सगळ्या कपच्या सरांना दिल्या. कपाटात टाका, किल्ली तुमच्याकडे ठेवा, एवढं कसंबसं बोलले. सर तासणी घेऊन पुण्याला गेले, कुणालातरी दाखवायला.
आज दुपारी हातात कौलाचा तुकडा होता. म्हणजे दगडात काही नाही. हातातच आहे.
किळस मला येते. हाताला येत नाही.

४ मे, शुक्रवार
आई आली, माझ्या धाकट्या भावाला, बाळाला घेऊन. गावाला आजोबा सिरीयस आहेत, तिला एसटी पकडायची होती. बाळाला सुट्टी आहे, सांभाळ म्हणाली. आठ वर्षांचा आहे तो. घेऊन जा त्याला, हे तीन शब्द होते. घशात अडकले. आई म्हणाली, मोठी झालीस, अजून अशीच गं तू. आणि गेली.
मावशींना सांगायला स्वयंपाकघरात उभी राहिले. त्या म्हणाल्या, काय ता पटापट बोल, डाळ लागता. मी मान हलवली.

५ मे, शनिवार, दुपार
मावशी बाजारात गेल्यात. बाळा माझ्या खाटेवर झोपलाय. गरम होतं म्हणून उघडाच. पाठीवर बारीक लव—
हात मघाशी त्याच्या पाठीवरून फिरला. माया करायला नाही. सुरुवात कुठून करायची ते बघत होता. मला ओकारी आली. हात फिरतच होता.
म्हणून पेन दिलं हाताला. लिहिते तोवर गुंतून राहतो. उठले की मोकळा—
हाक मारून बघितली, बाळा पळ. आवाज फुटत नाही. डाव्या हाताने खाट हलवली. तो हसला झोपेत, कूस बदलली. आता पोट वर.
लिही. काहीही लिही. बकरा. मेंढी. म्हैस. डुक्कर.
कौल खिडकीत आहे. मी नाही ठेवलं.
रिफिल फिकी येतेय. दाबून लिहिते तर कागद फाटतोय, आणि ते हाताला आवडतंय, कागद असा सोल—
बाळा उठ
बाळा उ