बुधवारची सप्तमी

बाबा, यंदा तुमचं श्राद्ध चुकीच्या दिवशी झालं, आणि त्याचा राग मला तुमच्यावरच काढायचा आहे.

तिथी बघायला मला तुम्हीच शिकवलंत. मी अकरा वर्षांची, आई पोळ्या लाटते आहे, आणि गांधीबागेतल्या कापडदुकानात निघण्याआधी तुम्ही पाटावर पंचांग उघडून बसला आहात. सूर्य हळू चालतो, चंद्र पळतो. चंद्र बारा अंश पुढे गेला की एक तिथी सरते. पण त्याची चाल सारखी नसते, म्हणून तिथी कधी पहाटे लागते, कधी भर दुपारी. कॅलेंडरात छापतात ती सूर्योदयाची तिथी, तेवढ्यावर विसंबू नको, म्हणालात. ज्या वेळचं काम, त्या वेळची तिथी.

मग एका सकाळी शेजारच्या काकू विचारायला आल्या, संकष्टी आज की उद्या. तुम्ही पंचांग माझ्या धाकट्या भावाच्या हातात दिलंत. त्याने सूर्योदयाची तिथी वाचली अन् म्हणाला, "उद्या." मी पोळ्यांना तूप लावता लावता म्हटलं, "आज. उपास चंद्र पाहून सुटते, अन् चंद्र उगवताना चतुर्थी आजच आहे."

"पोरगी तं जोशीणच निघाली," काकू हसल्या.

तुम्ही हसला नाहीत. धाकट्याला म्हणालात, "बरोबर सांगून राहिली ते. आता तू सांग काकूले." आणि मला, "तुले काहून एवढी घाई वं? श्राद्धाले पाटावर तो बसन, तू नाही."

उत्तर माझं, तोंड त्याचं. तुम्ही गेल्यावर खुणा केलेलं तुमचं पंचांगही त्याच्याकडे उमरेडला गेलं. त्याने ते उघडलेलं मी पाहिलं नाही. दरवर्षी तो मला फोन करून तिथी विचारतो, गुरुजींना तोच दिवस कळवतो आणि पाटावर बसतो. मी आत भाजी चिरते. बारा वर्षं हेच.

यंदा तुमची सप्तमी मंगळवारी सकाळी दहाला लागली आणि बुधवारी नऊच्या आत संपली. श्राद्धाची वेळ दुपारची, म्हणजे दिवस मंगळवार. हे मला विचार न करता कळतं. सोमवारी त्याचा फोन आला, "ताई, कॅलेंडरात सप्तमी बुधवारी दिसून राहिली. बुधवारीच ना?"

बुधवारी दुपारी अष्टमी होती, आणि तो सप्तमीचा संकल्प म्हणत होता. मी आत भोपळा चिरत ऐकत होते.

हा कागद तुमच्या पंचांगात ठेवला असता, पण ते माझ्याकडे नाही. कणकेच्या डब्याखाली ठेवते आहे. आणि एक सांगायचं राहिलं. त्या फोनवर मी म्हटलं, "हो गा, कॅलेंडरात बुधवारीच आहे." खोटं काही बोलले नाही. मंगळवारी दुपारी एकटीने वडे तळले, खीर केली, आणि तुमचं पान वाढलं. एकदा तरी तुम्ही माझ्याकडे जेवावं, एवढंच मनात होतं.