उजव्या कोपऱ्यातली चौकट

प्रिय पट्ट्या,

मावशीला फोन केला होता. म्हणाली, जेवतो, झोपतो, बोलत मात्र नाही, आणि डाव्या हाताने माझ्या भिंतींची मापं घेत बसतो. ऐकून बरं वाटलं. आईने शिवलेल्या सदऱ्याची बाही पट्टीने मोजून ‘एक सूत कमी आहे’ म्हणणारं कार्टं अजून शिल्लक आहे तर. तू फोनवर येत नाहीस म्हणून लिहिते. माझा आवाज तुला नकोसा झाला असेल तर तेही समजू शकते. आयुष्यभर मी कारखान्यांच्या फाटकांवर आणि ट्रकच्या टपांवर उभी राहून बोलत आले. ज्या दिवशी त्या आवाजाने तुला वाचवायला हवं होतं, त्या दिवशी तो कुणीच ऐकला नाही. पण सोमवारी चौकशी आहे, आणि तू येणार नाहीस असं कळवलंयस. तू आला नाहीस तर त्या दोन माणसांच्या मरणाचा दोष कायमचा तुझ्या नावावर बसेल. मालकाला तेच हवंय.

त्या सकाळची गोष्ट तुला कुणी नीट सांगितली नसेल. तू दवाखान्यातून येऊन आठवडाच झाला होता, पोटाचे टाके ओढत होते, तू घरी होतास. शेडमध्ये मोठी टाकी उचलत होते. टाकी जिला टांगली होती ती वरची ब्रॅकेट, म्हणजे कंस, फाटला. फाटला म्हणजे वाकला नाही, रे. कागद फाटावा तसा फाटला, कारण जाड पत्रा हवा तिथे ड्रॉइंगमध्ये पातळ दाखवला होता. टाकी खाली आली ती माझ्या धाकट्या दिरावर आणि त्याच्या शेजारच्या गॅसकटरवाल्यावर. दिराला सगळे शिट्टी म्हणायचे, क्रेनला इशारा देताना दोन बोटं तोंडात घालायचा म्हणून. टाकी पुन्हा उचलायला दुसरी क्रेन येईपर्यंत शेडमधल्या सगळ्यांना खालून येणारा आवाज ऐकत उभं राहावं लागलं. मग तो थांबला. मी क्रांत्यांची पुस्तकं वाचत वाढले. पुस्तकांत रक्ताला वास नसतो. शेडच्या फरशीवर होता, आणि लोक त्यात पाय घसरून पडत होते.

कंसाचं ड्रॉइंग भिंतीवरच टाचलेलं होतं. कुणीतरी ते ओढून काढलं. उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत, ‘तपासले’ या रकान्यात, तुझं नाव. आडनावासकट, वडिलांच्या नावासकट, छापील, सुबक. तारीख कुणी वाचली नाही. मेलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहून तारखा कोण वाचतो?

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण चौकशीत ते कुणीतरी बोललं पाहिजे. दुपारी ते आले तेव्हा मी अण्णांच्या घरी तुझ्यासाठी तव्यावर भाकरी टाकत होते. पाने, गज, पाइपाचे तुकडे, जे हाताला लागलं ते घेऊन आले होते. सगळे माझेच लोक. ज्यांच्यासाठी मी तुरुंगात जाऊन आले ते. अण्णा दाराचा अडसर घेऊन उंबऱ्यात उभे राहिले, बापच तो, या वयात, आणि म्हणाले, ‘आधी मला ओलांडा.’ त्यांना उचलून बाजूला ठेवलं, जणू खुर्ची. मी पायरीवर उभी राहून ओरडले. ज्या वाक्यांनी संप उभे राहिले ती वाक्यं फेकली. एकानेही मान वर केली नाही. तेव्हा तवा उचलला आणि पहिल्या माणसाच्या कपाळावर हाणला. तो चष्मेवाला फिटर, आठवतो? भुवई फुटली, तव्याचा गोल डाग अजून आहे. परवा मला फाटकावर भेटला, म्हणाला, ‘ताई, भाषणापेक्षा तवा बरा लागू पडतो.’ हसायला नको होतं, पण हसले.

पण एक तवा किती जणांना पुरणार? त्यांनी तुला ओट्यावर आणलं. तू ओरडत होतास, ‘तारीख बघा, तारीख बघा,’ आणि ते हसत होते. उजवा हात कुठला, असं कुणीतरी विचारलं. तू सवयीने तो पुढे केलास, पट्ट्या. सरळ मनाच्या माणसासारखा पुढे केलास. हातोडा ज्याच्या हातात होता त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तू पाहिलंस, मी पाहिलं. एका घावाने भागलं नाही. त्या दिवसापासून मी अण्णांकडेच राहते.

प्लास्टर करताना गुंगीत तू मला जे सांगितलंस, ते मी सगळं लक्षात ठेवलंय. मालकाने कंपनीची नवी चौकट करायला सांगितली होती: वर कंपनीचं चिन्ह, खाली कामाचं नाव, मापाचं प्रमाण, आखणारा, तपासणारा, आणि ड्रॉइंग उघडलं की सगळं आपोआप भरून यावं. त्याची एकच अट. एकही रकाना कोरा छापायचा नाही, कोरा दिसला की गिऱ्हाईक प्रश्न विचारतं. तू चौकट केलीस, आणि मजकूर मावतो का हे बघायला आपलंच नाव घातलंस, कारण कचेरीत सगळ्यांत लांब नाव तुझं. ते मावलं तर कुणाचंही मावेल. मग तू म्हणालास, हे काढून तिथे तपासणाऱ्याने स्वतः नाव घालेपर्यंत छपाईच होणार नाही अशी सोय करतो. मालक म्हणाला, ‘राहू दे रे, भारदस्त दिसतंय.’ दुसऱ्या दिवशी तुझं अपेंडिक्स फुटलं. तू ऑपरेशनच्या टेबलावर असताना ती चौकट कचेरीतल्या सगळ्या कॉम्प्युटर मशिनवर गेली. त्यानंतर निघालेल्या प्रत्येक ड्रॉइंगचा तपासनीस तू. मालकाच्या कुत्र्याच्या घराचं ड्रॉइंगसुद्धा तूच तपासलंयस. मी डोळ्यांनी पाहिलं.

मी सभांमधून ओरडत आले की जिथे नाव आहे तिथे माणूस उभा पाहिजे. या हरामखोराने माणसाशिवाय नाव उभं करायची सोय केली, आणि तिला कामाचा वेग म्हटलं. याला मी चूक म्हणणार नाही. तपासणाऱ्याचा पगार वाचवला आणि त्याच्या जागी तुला टांगलं. हे मी सोमवारी म्हणेनच. पण माझं म्हणणं हे भाषण ठरेल. चौकटीच्या आत काय आहे, ती कधी केली, कुणी कधी पसरवली, हे मशिनवर उघडून दाखवणारा फक्त तू आहेस.

मशिन अजून तिथेच आहे, आणि त्याचीही एक गोष्ट आहे. तारीख अखेर एका माणसाने वाचली. कंसाच्या ड्रॉइंगचा तो कागद त्याने घरी नेला होता, रोज उघडून बघायचा. एके दिवशी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. कागदावरच्या तारखेवर बोट ठेवून म्हणाला, ‘या दिवशी तर मी याच्या उशाशी होतो. याला पाणी द्यायचं नव्हतं, मी कापूस भिजवून ओठांना लावत होतो.’ एवढं बोलून तो अण्णांच्या ओट्यावर बसला आणि भिंतीवर डोकं आपटायला लागला. अण्णांनी मध्ये हात घातला.

मग सगळे मालकाची कचेरी जाळायला निघाले. पेट्रोल आणलं होतं. मलाही जाळायचीच होती, खोटं कशाला लिहू. पण आत पुरावा आहे, जाळली तर मालकाचंच फावेल, हे तारीख वाचणाऱ्या त्याच माणसाने सगळ्यांना पटवलं, मी नाही. तेव्हापासून तेच गज, तेच पाने कचेरीच्या फाटकावर पहारा देतायत. काल मालकाने मशिन उचलायला टेम्पो आणि दांडकी घेतलेली माणसं पाठवली. टेम्पोची काच राहिली नाही. एकाचा जबडा गेला, दोघे गटारात. आपल्याकडचा फाटकात आडवा उभा राहिलेला माणूस खांद्यावर दांडकी झेलत राहिला, पण हलला नाही.

तो माणूस म्हणजे तुझे दाजी. हातोडाही त्यांचाच होता, हे तुला नव्याने सांगायला नको. आज खांदा बांधून ते अण्णांच्या ओट्यावर आले, आत आले नाहीत. म्हणाले, त्याला लिही, माझ्याने लिहवत नाही. म्हणून हे पत्र. मी त्यांना माफ केलेलं नाही, तूही माझ्याकडे बघून करू नकोस. चौकशीत दाजी आधी स्वतःचा गुन्हा सांगणार आहेत, मग त्यांना नेतील तिथे जातील. रविवारी दुपारच्या गाडीने ये. स्टँडवर मी येते म्हटलं, तर ते नको म्हणाले. त्याचा उजवा हात चालत नाही, म्हणाले, त्याची पिशवी मी घेतो.

तुझीच, तवा हाताशी ठेवून बसलेली,
ताई